खडे कुणाच्या हातात?

कुमठे बीटचं नाव आता महाराष्ट्रातल्या शिक्षकांना नव्यानं सांगावं लागत नाही. आपल्याच सातारा जिल्ह्यातलं हे बीट. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तिथल्या जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांना बरोबर घेतलं आणि वर्गाचं रूपच पालटलं. फळ्याकडे तोंड करून रांगेत बसणारी मुलं जमिनीवर रंगवलेल्या चौकटींभोवती गटागटानं बसू लागली. चिंचोके, खडे, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे हातात घेऊन मोजू लागली. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि ठिकठिकाणचे शिक्षक हे बघायला कुमठ्याला येऊ लागले. त्याच्या कितीतरी आधी फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेनं मुलांच्या बोलीचा आणि घरच्या अनुभवाचा मान राखून वाचायला शिकवायला सुरुवात केली होती. मुलाचा अनुभव ही शिकण्याची पहिली पायरी, हे आता कुणी नाकारत नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. अनुभव कुणाचा धरायचा? आणि गट बसला की खडे कुणाच्या हातात जातात?

मी वडूजजवळच्या वस्तीवरच्या शाळेत शिकवते. इतर शाळांतही जाणं-येणं असतं. पाच जणांचा गट बसला, साहित्य मध्ये ठेवलं, की पहिला हात मुलाचा पडतो. मोजतो तो, मांडतो तो, ‘आमच्या गटानं असं केलं’ म्हणून उठून सांगतोही तोच. मुलगी वहीत लिहिते, कारण तिचं अक्षर चांगलं. तास संपला की सांडलेले चिंचोके गोळा करून डब्यात भरते, कारण ती नीटनेटकी. यात कुणी कुणावर दमदाटी केलेली नसते, म्हणून ते कुणाच्या डोळ्यांवरही येत नाही. निरीक्षणाला आलेले साहेब ‘मुलं छान रमली आहेत’ असा शेरा लिहून जातात. रमलेली असतातच.

सकाळचा झाडू तर विचारूच नका. ३ जानेवारीला आपण मुलींना नऊवारी नेसवून सावित्रीबाई करतो, नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं म्हणून ऊर भरून बोलतो, आणि ४ जानेवारीला त्याच सावित्रीबाईच्या हातात खराटा देतो. २०१९ साली दुसरीच्या बालभारतीच्या पुस्तकात आईबरोबर बाबाही भाजी निवडताना दाखवले, तेव्हा वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. मलाही आनंद झाला. पण पोरं चित्रापेक्षा खराटा कुणाच्या हातात आहे हे बघून शिकतात.

आमच्या वर्गातला एक उपक्रम सांगते. खटाव म्हणजे दुष्काळी तालुका. उरमोडीचं, जिहे-कठापूरचं पाणी काही भागात आलं, तरी वस्त्यांवर उन्हाळ्यात हंडा-कळशी सुटलेली नाही. तिसरी-चौथीच्या मुलांना सांगितलं, घरात दिवसभरात जेवढे हंडे पाणी येईल तेवढे खडे आणा. जमिनीवर चौकटी आखल्या : आई, आजी, मुली, बाबा आणि मुलगे. आईच्या चौकटीतले खडे रेघेबाहेर गेले. बाबांची चौकट बरीचशी मोकळी राहिली. मग एक हंडा आणून लिटरच्या बाटलीनं मापला. पंधरा बाटल्या मावल्या. ज्या घरी आठ हंडे लागतात तिथे एकशेवीस लिटर. चौथीतल्या मुलांनी गुणाकार केला आणि थोडा वेळ वर्ग गप्प झाला.

खरी मजा पुढे आली. एक मुलगा म्हणाला, “आमचे बाबा गाडीवर दोन कॅन आणतात, एका फेरीत चाळीस लिटर. त्याचा एकच खडा का?” त्यावर एक मुलगी म्हणाली, “गाडीनं आणलं ना? डोक्यावर आण की.” बराच वाद झाला. शेवटी मुलांनीच तोड काढली. दोन तक्ते करायचे, एक लिटरचा, एक फेऱ्यांचा. माप बदललं की उत्तर बदलतं, ही गणितातली केवढी मोठी गोष्ट! ‘आई काही करत नाही, घरीच असते’ हे वाक्य त्यानंतर आमच्या वर्गात मी ऐकलेलं नाही. दुसऱ्या दिवशी एक पालक मात्र आले. “बाई, पोरांना गणित शिकवा, घरातलं कशाला काढता?” मी पोराची वही पुढे केली. गुणाकार बरोबर होते. ते वही चाळून निघून गेले. पटलं असं काही मी म्हणणार नाही.

त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र खरी होती. घरातलं वर्गात आणताना जपावं लागतं. ‘आपला अनुभव सांगा’ म्हटलं की एखादी मुलगी रात्रीची मारहाण सांगते, बापाची दारू सांगते. वस्तीवर गोष्ट शाळेतून घरी पोचायला मधली सुट्टी पुरते, आणि मार पुन्हा तिलाच आणि तिच्या आईलाच बसतो. म्हणून खड्यांवर नावं नव्हती. ‘तुझ्या घरी’ असं न विचारता ‘आपल्या वस्तीवर’ असं विचारायचं. उपक्रमांच्या पुस्तिकांत हे सहसा सापडत नाही. ते आपल्या चळवळीनं शिक्षकांना सांगायला हवं, कारण बाईचं दुःख ऐकताना काय जपायचं हे आपण अनेक वर्षांच्या कामातून शिकलो आहोत.

अनुभव वर्गात येऊच नये, असा मात्र याचा अर्थ नाही. फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आपल्या जातीतल्या बायांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसतं, हे तिनं लिहिलं. तिनं एका घराचं नाव न घेता सगळ्यांचं सांगितलं.

आता हे सगळं जिथे होऊ शकतं त्या शाळाच ओस पडताहेत. मुलाला व्हॅननं इंग्रजी शाळेत, मुलीला वस्तीवरच्या फुकटच्या शाळेत, असा हिशेब कितीतरी घरांत होतो. मग पट वीसच्या खाली जातो. २०२३ साली अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव पुढे आला. लांबच्या शाळेत मुलगा सायकलनं जाईल. मुलीचं काय होईल हे वस्तीवरच्या कुठल्याही आईला विचारा.

मैत्रिणींनो, शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांना दिल्या आहेत. तुमच्यातल्या कितीतरी जणी कागदावर सदस्य असतील. सभेचं रजिस्टर सहीसाठी घरी आलं, तर चुलीपुढे बसून सही करू नका. शाळेत जा. गट बसलेले असताना मागे अर्धा तास बसा. खडे कोण हाताळतं, बोलायला कोण उठतं, आवरायला कोण राहतं, ते मोजा. आणि जे दिसेल ते त्याच रजिस्टरात लिहून खाली सही करा.