लिनक्सची नवी आवृत्ती कधी येणार, हे ठरवतं कोण?

रायगडच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. १ ऑगस्टला बंदी उठते. पण त्याच दिवशी बोर्ली पंचतनच्या बाजारात ताजी मासळी येईलच असं नाही. दर्या शांत झालाय का, हे बघून आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच बऱ्याच होड्या बाहेर पडतात. बंदी उठण्याची तारीख सरकार ठरवतं, निघायची वेळ मात्र तांडेल ठरवतो.

मोफत सॉफ्टवेअरच्या जगातही हाच प्रश्न आहे. जगभरातल्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या डेबियन या लिनक्स प्रणालीची १३वी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ला, रक्षाबंधनाच्या दिवशी आली. ही तारीख कशी ठरली? समजून घेऊया.

याचा आपल्याशी काय संबंध?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांतले अनेक जुने कॉम्प्युटर विंडोज ११ला चालत नाहीत. त्यांच्यासाठी लिनक्स हा एक पर्याय आहे. पण ज्यांना पगार नाही, त्यांच्या वेळापत्रकावर विसंबायचं कसं?

तारीख आधी की काम आधी?

उबुंटू दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतं. मात्र त्यामागे पगारी माणसं ठेवणारी कॅनॉनिकल ही कंपनी आहे. लिब्रेऑफिस वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येतं. तारीख माहीत असली की मराठी अनुवादकांनाही सोपं जातं. प्रकाशनाआधी मेनूतले शब्द बदलणं थांबवतात आणि तेवढ्या काळात अनुवाद पूर्ण करायचा असतो. राहिलेले शब्द इंग्रजीतच दिसतात.

डेबियनचं जुनं उत्तर वेगळं होतं: तयार होईल तेव्हा येईल. त्याची किंमतही मोजावी लागली. जुलै २००२नंतरची पुढची आवृत्ती थेट जून २००५मध्ये आली. मधल्या काळात, ऑक्टोबर २००४मध्ये, डेबियनवरच आधारलेलं उबुंटू बाजारात उतरलं.

पैसे दिले की काम लवकर होतं?

२००६मध्ये हेही करून बघितलं गेलं. डिसेंबरची तारीख गाठण्यासाठी प्रकाशनाचं काम बघणाऱ्या दोघांना काही काळ पैसे देण्याची योजना काही सदस्यांनी आखली. यावरून मोठा वाद झाला. दोघांना मोबदला आणि बाकीच्यांनी फुकट राबायचं का, असा सवाल होता. काहींनी हात आखडता घेतला. शेवटी ती आवृत्ती ८ एप्रिल २००७ला आली.

स्वयंसेवकाला नोटीस देता येत नाही, त्याचा पगारही कापता येत नाही. तो नाराज झाला की काम तिथेच थांबतं. म्हणून इथे तारीख लादून चालत नाही, ती सगळ्यांना पटावी लागते.

मग तोडगा काय?

डेबियनने दोन्हींची सांगड घातली. नवे बदल घेणं कधी थांबवायचं, याच्या तारखा आधीच जाहीर होतात. डेबियन १३साठी हे १५ मार्च २०२५पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालं. त्यानंतर फक्त दुरुस्त्या. गंभीर चुका आटोक्यात आल्या की मग प्रकाशनाचा दिवस ठरतो. आता साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते.

आपण काय करायचं?

नवी आवृत्ती आल्या दिवशीच दुकानाच्या कॉम्प्युटरवर टाकायची घाई नको. डेबियन १३च्या सुरुवातीच्या चुका दुरुस्त करणारी १३.१ आवृत्ती ६ सप्टेंबरला, म्हणजे महिन्याभरातच आली. जुन्या आवृत्तीलाही लगेच वाऱ्यावर सोडत नाहीत. एका आवृत्तीला तीन वर्षं पूर्ण आणि पुढे साधारण दोन वर्षं मर्यादित सुरक्षा अपडेट मिळतात.

तेव्हा लिनक्स निवडताना नवी आवृत्ती कधी येणार यापेक्षा हातातल्या आवृत्तीला अपडेट कधीपर्यंत मिळणार, हे आधी बघा. दुकान चालतं ते त्या तारखेवर.