स्वल्पविराम आणि पथ्यापथ्य

भल्लातकयुक्त अवलेहाच्या इंग्रजी माहितीपत्रकात आम्ही लिहिले होते : ‘पेशंट्स, हू हॅव अल्सर, शुड अव्हॉइड इट.’ एका औषधविक्रेत्याने विचारले, “मग हे घ्यावे तरी कोणी?” शंका रास्त होती. दोन स्वल्पविरामांमुळे सर्वच रुग्ण अल्सरग्रस्त ठरून निषेध सर्वांनाच लागू झाला होता. ते काढताच तो अल्सरग्रस्तांपुरता उरतो. मराठीत ‘ज्यांना–त्यांनी’ ही जोडी ही मर्यादा स्पष्ट करते. इंग्रजीत तो भार विरामचिन्हांवर पडतो. भल्लातक अनुसूची ई (१) मधील द्रव्य आहे. त्याच्या वेष्टनावरील वैद्यकीय देखरेखीच्या सूचनेचे शब्द कायद्याने ठरविले आहेत. पथ्यापथ्याची वाक्ये मात्र आपणच रचतो. म्हणून मात्रेइतकीच दक्षता वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी स्वल्पविरामाबाबतही बाळगावी, असे आमचे नम्र मत आहे.