शेतांतील उजेड आपल्याच हातचा असावा

रब्बीच्या हंगामांत धर्मापुरीकडील शेतकऱ्यास रात्रीं पाणी द्यावें लागतें, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. कृषिपंपांस आळीपाळीनें रात्रीची वीज देण्याची रीत महाराष्ट्रांत वर्षानुवर्षें चालत आली आहे. जिल्ह्यांतच परळीचें औष्णिक वीजकेंद्र आहे. परंतु तेंही 2015 सालीं पाण्याअभावीं बंद ठेवावें लागलें होतें. दिवसां वीज देण्याच्या सौर योजना सर्वत्र पोंचतील तो सुदिन. तोंवर अंधारांत बारें धरणाऱ्या माणसाचा पाय घोणशीवर पडूं नये, ही तजवीज ज्यानें त्यानेंच केली पाहिजे.

बाजारांतील स्वस्त बत्त्या पुष्कळदां एक हंगामही टिकत नाहींत. आमचें मत असें कीं, हा दिवा शेतकऱ्यानें घरींच करावा. पाठीवरील फवारणी पंपांत 12 व्होल्टांची बॅटरी असते, व फवारणी नसेल तेव्हां ती कोपऱ्यांत पडून राहते. तीच कामीं लावावी.

पांढऱ्या बारीक एलईडी दिव्यास सुमारें 3 व्होल्ट दाब व 20 मिलिअँपिअर प्रवाह पुरतो. परंतु दाब किंचित् वाढतांच प्रवाह बेसुमार वाढतो व दिवा जळतो. म्हणून प्रवाहास आवर घालणारा रोधक, ज्यास दुकानदार रेझिस्टन्स म्हणतात, मध्यें हवाच. स्वस्त बत्त्यांत पुष्कळदां तोच वगळलेला असतो.

तीन दिवे एकापुढें एक जोडावे. प्रत्येकाचा लांब पाय बॅटरीच्या धन बाजूकडे असावा. या माळेंत 9 ते साडेनऊ व्होल्ट खर्ची पडतात. बॅटरी 12 व्होल्टांची धरून कित्येकजण 150 ओहमांचा रोधक घालतात. परंतु भरतीच्या वेळीं बॅटरीचा दाब 14 व्होल्टांवर जातो, आणि प्रवाह 30 मिलिअँपिअरच्या पुढें जाऊन दिवे अकालीं मरतात. 270 ओहमांचा रोधक घातल्यास हें भय राहत नाहीं. अशा चार माळा, प्रत्येकीस स्वतंत्र रोधक देऊन, समांतर जोडल्या तरी बॅटरीवर एरवीं सुमारें 50 मिलिअँपिअरचाच भार पडतो. 8 अँपिअर-तासांची बॅटरी अर्धीच वापरली, तरी 80 तास उजेड मिळतो. मात्र दिव्याच्या तारेवर, बॅटरीच्या धन टोकाशींच, 1 अँपिअरचा फ्यूज अवश्य बसवावा. तारा एकमेकींस चिकटल्यास आग लागण्यास वेळ लागत नाहीं.

हें काम वायरमनचें, आपलें नव्हे, असें कोणी म्हणतील. नांगराचा फाळ शेवटून घेण्यास लोहार लागतो, पण जू जुंपणें प्रत्येकास येतें. ही जोडणी दुसऱ्या प्रकारची आहे. संस्थेनें रोधक, दिवे व फ्यूज घाऊक आणून मूळ किंमतींत द्यावे, आणि पेरणीपूर्वीं गांवच्या शाळेंत एक दिवस ही जोडणी शिकवावी. दिवा असला म्हणून पायांतील बूट सोडूं नयेत, हेंही तेथेंच सांगावें. ज्यानें दिवा स्वतः जोडला, त्यास तो दुरुस्तही करतां येतो. आणि शेतांत मध्यरात्रीं दुरुस्तीस दुसरें कोणी येत नसतें.