मोत्यासाठी उठावंच लागतं

काही महिन्यांपूर्वी पन्नाशीच्या एक बाई ओपीडीत आल्या. अंग दुखतं, झोप नाही, जेवण जात नाही. रक्ताचे सगळे रिपोर्ट ठीक होते. मानसोपचार विभागात पाठवल्यावर निदान झाले नैराश्याचे. गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या खेपेला मी विचारले, ‘‘सकाळी उठता ना वेळेवर?’’ त्या म्हणाल्या, ‘‘माझ्यासाठी नाही उठवत, डॉक्टर. पण दारात मोत्या बसलेला असतो. त्याला भाकरी टाकायला उठावंच लागतं.’’

मोत्या म्हणजे गल्लीतला भटका कुत्रा. पण त्याने जे केले, ते माझ्या चिठ्ठीला जमले नव्हते.

अमेरिकेतील बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सांगितले, की त्यांचा जिंगल्स हा कुत्रा खोलीत असला की अबोल मुलेही मोकळी होतात. तेव्हा अनेकांनी चेष्टा केली. आज अनेक देशांत नैराश्याच्या रुग्णांसाठी श्वान-साहाय्यित गटोपचार चालतात. सहा-आठ रुग्ण, एक समुपदेशक, एक प्रशिक्षित कुत्रा आणि त्याला हाताळणारा माणूस, असा हा गट साधारण आठवड्यातून एकदा तासभर बसतो. कुणी कुत्र्याला ब्रश करते, कुणी पाणी ठेवते. बोलणे आधी कुत्र्याविषयी होते, मग हळूहळू स्वतःविषयी.

यात जादू नाही. नैराश्यात माणूस हातपाय गाळतो, लोकांना टाळतो आणि त्यामुळे आणखी खचतो. छोटी, ठरलेली कामे करत हे चक्र तोडणे हा मानसोपचाराचा मान्य मार्ग आहे. कुत्रा ते काम समोर आणून ठेवतो. शिवाय तो ‘असं काय झालंय तुला?’ असे विचारत नाही.

मात्र, हा गोळ्यांना पर्याय नाही. या विषयावरचे बरेच अभ्यास लहान आहेत आणि फायदा कुत्र्यामुळे झाला की गटामुळे, हे वेगळे काढणे अवघड असते. म्हणून मी याला जोड-उपचारच म्हणेन. पण त्या जोडाची आपल्याला फार गरज आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. नेमक्या याच काळात रुग्ण येणे सोडतात. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या दर शंभरांतील सुमारे ८५ जण उपचारांपासून दूर होते. जे आपल्या दारापर्यंत पोहोचतात, त्यांना तरी पुढच्या आठवड्यात परत यावेसे वाटले पाहिजे.

सरकारी रुग्णालयात कुत्रा? हसू येणारच. आमच्याकडे एका खिडकीवर कुत्रा चावलेल्यांची रेबीजच्या लशीसाठी रांग असते. त्यामुळे अटी कडक हव्यात. कुत्रा प्रशिक्षित, शांत आणि लसीकरण झालेला असावा. ज्यांना भीती किंवा अ‍ॅलर्जी आहे, त्यांच्यावर सक्ती नको. वॉर्डात नव्हे, वेगळ्या खोलीत किंवा आवारात हा गट बसावा. कुत्र्यालाही विश्रांती हवी. तो थकला की सत्र थांबले पाहिजे. एखाद्या जिल्हा रुग्णालयात, प्रशिक्षित कुत्रे असलेल्या संस्थेच्या मदतीने, हा प्रयोग सुरू करायला हरकत नाही. किती रुग्ण उपचारात टिकले, याची नोंद मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी.

कुत्रा मिळेपर्यंत काय? गट तर आजही भरवता येईल. एक खोली, सहा खुर्च्या आणि ऐकून घेणारा एक समुपदेशक एवढे पुरते. आम्ही पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून पुढच्या रुग्णाला हाक मारतो, हा आमचा दोष आहे आणि तो कुत्र्यावर ढकलता येणार नाही.

तुमच्या घरात कुणी असे खचलेले असेल, तर ‘मन घट्ट कर’ एवढेच सांगून थांबू नका. त्यांना घेऊन दवाखान्यात या. बोलायचे असेल तर टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. त्या बाई अजूनही गोळ्या घेतात, तारखेला येतात. मागच्या खेपेला जरा घाईत होत्या. मोत्याची भाकरी व्हायची होती.