मोकळे हात

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसाची पहाट. पाच वाजून गेले होते. चंद्र अजून आभाळात होता आणि जामनेरच्या कांग नदीच्या पुलावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. नव्या बुटांचा आवाज मलाच मोठा वाटत होता. मागून एक मोटरसायकल आली, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकलेले. गाडी माझ्याजवळ थांबली.

"काय झालं वं ताई? कोन्ही बिमार हाये का? बसा, दवाखान्यात सोडतो."

"नाही दादा, सगळे बरे आहेत. मी पळतेय."

"ते दिसून राह्यलं. पन काहून?"

त्याच्या आवाजात खरी काळजी होती. म्हणूनच मला खरं उत्तर द्यायचं होतं, पण ते सापडेना. गावातली चाळिशी ओलांडलेली बाई पहाटे रस्त्यावरून पळते, म्हणजे घरात काहीतरी झालेलं असणार किंवा एसटी सुटत असणार. तिसरं कारण त्याला माहीत नव्हतं. त्या पहाटे मलाही नव्हतं.

पळण्याचं खूळ माझ्या भाचीचं. ती न्यू जर्सीला असते. फ्लोरिडात वॉल्ट डिस्नेचं अवाढव्य उद्यान आहे. तिथे १९९४ पासून जानेवारीत मॅरेथॉन होते आणि आता तिचा चार दिवसांचा उत्सवच झाला आहे. गुरुवारी ५ किलोमीटर, शुक्रवारी १०, शनिवारी अर्धी मॅरेथॉन, रविवारी पूर्ण. काही जण चारही दिवस धावतात. त्यांचं सगळं अंतर मिळून ७८ किलोमीटर भरतं. शर्यत पहाटे पाचला सुटते, वाट सिंड्रेलाच्या किल्ल्यातून जाते. धावणारे राजकन्या, चेटकीण, उंदीर, बदक असे वेश करून येतात आणि वाटेत मिकीसोबत फोटो काढायला चक्क रांगेत थांबतात. शर्यतीत थांबायचं, तेही फोटोसाठी! हे मी फोनवर ऐकलं तेव्हा मला त्या उद्यानाचा हेवा वाटला नाही, त्या थांबण्याचा वाटला.

भाची म्हणाली, "मावशी, मी इथे अर्धी मॅरेथॉन धावते. तू तिथे मुंबईला धाव. तयारी एकत्र करू." मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिच्यात ड्रीम रन नावाची दौड आहे, सहा किलोमीटरला थोडी कमी. तिच्यात नंबर काढत नाहीत. तिथेही लोक वेश करून येतात, हातात फलक घेतात, लेकरांना खांद्यावर बसवतात. आपल्याकडची डिस्नेच्या सर्वांत जवळची शर्यत हीच. मी नाव नोंदवलं. कोजागिरीपासून त्या रविवारपर्यंत हातात साधारण पंधरा आठवडे होते.

पहिल्या दोन आठवड्यांत कळलं की मला पळता येत नाही. मला फक्त धावपळ येत होती. दोनशे पावलांत धाप लागायची. भाचीने जेफ गॅलोवे यांची रीत सांगितली. हे गृहस्थ १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावले होते आणि सामान्य माणसाला ते सांगत आले की पळताना मधेमधे चाला, दमल्यावर नाही, दमण्याच्या आधीच. एक मिनिट पळायचं, एक मिनिट चालायचं. पुढे दोन मिनिटं पळायचं, एक चालायचं. स्नायूंना मधली विश्रांती मिळते, म्हणून शेवटचा किलोमीटरही पहिल्यासारखा जातो.

वेग किती ठेवायचा, याची कसोटी मी माझ्या शाळेतून आणली. पळताना बाराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. बार दाहे वीसासेपर्यंत श्वास न तुटता पोचता आलं तर वेग बरोबर. बार साते चौऱ्याऐंशीलाच धाप लागली तर हळू व्हायचं. एवढं मोजमाप मला आजवर पुरलं.

चौथ्या आठवड्यात चूक झाली. अंग हलकं वाटत होतं म्हणून मी एका रविवारी पहूर रस्त्याने नेहमीच्या दुप्पट अंतर गेले. संध्याकाळी दोन्ही नडग्या ठणकू लागल्या आणि दहा दिवस घरी बसावं लागलं. फुप्फुसं लवकर तयार होतात, हाडं आणि स्नायुबंध सावकाश. म्हणून अंतर आठवड्याला थोडं थोडंच वाढवायचं आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करायचं, हे मी त्या दहा दिवसांत शिकले. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. रोपाला एकाच दिवशी आठवड्याचं पाणी कोण देतो?

बाकीची तयारी इथल्या मातीने शिकवली. ऑक्टोबरात काळी जमीन ओली असते, रस्त्याच्या कडेने पळावं तर बुटाला किलोभर चिखल चिकटतो. नोव्हेंबर-डिसेंबरात कापसाने भरलेल्या ट्रॉल्या पहाटेच निघतात आणि कित्येकांना मागे दिवा नसतो. म्हणून मी चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घेतलं आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा, उजव्या बाजूने पळू लागले. बूट जळगावहून आणले, नेहमीपेक्षा अर्ध्या मापाने मोठे, कारण पळताना पाय फुगतो. आणि एक गोष्ट बायकांनी बायकांना उघड सांगायला हवी. पळताना लागणारे आतले कपडे वेगळे असतात. ते वेळीच न मिळाल्यामुळे पहिला महिना मी जे सोसलं, ते कुणालाही सोसावं लागू नये.

खाण्याची चिंता जळगाव जिल्ह्यात कुणी करू नये. आपल्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि धावणारे तर जगभर केळ्यावरच भिस्त ठेवतात. पचायला हलकं, साखर लगेच मिळते, सालीमुळे धुवायची गरज नाही. पळण्याआधी पाऊण तास एक केळं, आल्यावर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. रविवारच्या पळण्यानंतर कळण्याची भाकरी आणि भरीत. फक्त शनिवारी रात्री शेवभाजी नाही, एवढा एक नियम पाळला.

भाची आणि मी दर रविवारी बोलायचो. माझी सकाळ, तिची शनिवार रात्र. तिची भीती वेगळी होती. डिस्नेच्या शर्यतीत एका मैलाला सोळा मिनिटं, म्हणजे किलोमीटरला साधारण दहा मिनिटं, एवढा तरी वेग राखावा लागतो. सर्वांत शेवटी फुगे घेतलेल्या बायका त्याच वेगाने चालत येतात. त्या पुढे गेल्या तर मागे राहिलेल्याला गाडीत बसवून नेतात. म्हणून भाची फोटोंचाही हिशेब करत होती. आधी थोडी मिनिटं कमवायची, मग ती मिकीवर खर्च करायची. तिच्या वेशासाठी मी जामनेरच्या बाजारातून लाल, पांढऱ्या ठिपक्यांचं कापड घेतलं आणि मिनी माऊससारखा घेरदार स्कर्ट शिवून पाठवला. तिने तो घालून बारा किलोमीटर पळून पाहिलं. सहाव्या किलोमीटरला कमरेचा पट्टा काचला, मग आतून मऊ कापड लावलं. वेश आधी घामात भिजवून पाहायचा, शर्यतीच्या दिवशी अंगावर नवं काही नको, हा त्या जगातला पहिला धडा. दुसरा धडा असा की आदल्या दिवशी उद्यान बघत फिरायचं नाही. पायातली ताकद तिथेच संपते. हा धडा मी जशाच्या तसा उचलला. मुलांना सांगितलंय, शनिवारी वांद्र्याला जाऊन छातीवर लावायचा नंबर घ्यायचा आणि खोलीवर परत. गेटवे, राणीची बाग, सगळं रविवारी दुपारनंतर.

एवढं सगळं जमत गेलं, पण दूधवाल्या दादाचा "काहून" काही सुटत नव्हता.

डिसेंबरच्या एका पहाटे मी पीजेच्या रुळांजवळून पळत होते. पाचोरा-जामनेर ही आमची छोटी गाडी, ५६ किलोमीटरची, शंभर वर्षं चालली. करोनात थांबली ती पुन्हा त्या रुळांवर आली नाही. आता तिथे मोठी लाईन व्हायची आहे. मामाचं गाव शेंदुर्णी, त्यामुळे लहानपणीच्या सगळ्या सुट्या या गाडीत सुरू झाल्या. ती इतकी सावकाश चालायची की पहूर सोडल्यावर माझा भाऊ खाली उडी मारायचा, डब्यासोबत पळायचा आणि हसत परत चढायचा. मी खिडकीत बसलेली असायचे. मांडीवर पिशवी असायची, तिच्यात आजीसाठी दिलेला डबा. "पिशवी सोडू नको," असं आई निघतानाच सांगायची. भाऊ का पळतो, हे त्याला कुणी कधी विचारलं नाही.

तिथे थांबून मी माझ्या हातांकडे पाहिलं. ते रिकामे होते. मला आठवेना, घराबाहेर रस्त्यावर माझे हात याआधी कधी रिकामे होते. पिशवी, दप्तर, लेकरू, भाजी, वह्यांचा गठ्ठा. माझ्या आधीच्या बायकांच्या डोक्यावर हंडा, चारा, कापसाचं गाठोडं. आमच्याकडच्या बायका चालायला कधी भ्यायल्या नाहीत. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला महिनाभर चालते. तिच्यात सत्तरीच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन चालतात आणि त्यांच्यापुढे माझे सहा किलोमीटर म्हणजे अंगण ओलांडणं. पण त्या वाटेला देवाचं बोलावणं आहे. शेताच्या वाटेला कामाचं आहे. बाईला रस्ता मिळाला तो या दोन कारणांनी. नुसत्या आनंदासाठी रस्त्यावर येण्याची सोय कुणी ठेवली नाही.

हे आपल्याकडेच घडलं असंही नाही. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची मॅरेथॉन १८९६ला सुरू झाली. बायकांची सुरू व्हायला १९८४ साल उजाडावं लागलं. मधली ८८ वर्षं बाईच्या शरीराला एवढं अंतर झेपणार नाही, असं शहाणे लोक सांगत राहिले. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आली आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी. तिच्यासारख्यांनी झेपण्याचा प्रश्न कायमचा मिटवला. पण पदकासाठी पळणाऱ्या मुलीला आज गाव टाळ्या देतं. पदक नाही, नोकरीची भरती नाही, डॉक्टरने सांगितलेली साखर नाही, तरी पळणाऱ्या बाईला अजून कारण विचारलं जातं.

डिस्नेच्या त्या शर्यतीचं आणि आपल्या ड्रीम रनचं मोल मला यात दिसतं. तिथे हजारो मोठी माणसं कारणाशिवाय पळतात. ठिपक्यांचा स्कर्ट घालून आलेल्या मुलीला "काहून" असं कुणी विचारत नाही. आपल्या तालुक्याच्या गावालाही अशी एखादी सकाळ हवी. फार काही लागणार नाही. एक रविवार, दोन तास वाहनं बंद ठेवलेला एक रस्ता, पाण्याचे पिंप, केळ्यांचा एक घड.

मीही वेश ठरवला आहे. कापूस वेचायला जाताना आई साडीवर वडिलांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायची. बोंडाची टोकं लागू नयेत, ऊन लागू नये म्हणून. आमच्या भागातल्या हजारो बायका अजून तशाच जातात. तो शर्ट आईने पेटीत जपून ठेवला होता. निळ्या चौकड्यांचा, कोपरावर ठिगळ. तो घालून मी पळणार आहे. गेल्या दोन रविवारी घालून पाहिला, कुठे काचत नाही. आमची दौड बोरीबंदरच्या रेल्वे स्टेशनसमोरून सुटते. स्टेशनची ती इमारत २००४ साली जागतिक वारशात गेली आणि मुंबई मॅरेथॉनही त्याच वर्षी सुरू झाली. त्या इमारतीसमोर वेचणीचा शर्ट उभा राहील, याचं मला फार अप्रूप आहे.

या शनिवारी भाची तिच्या किल्ल्यातून धावेल. पुढच्या रविवारी माझी पाळी. काल रात्री आईने स्वतः तो शर्ट इस्त्री केला. थरथरत्या हाताने कॉलर सरळ केली. मग विचारलं, "पयतानी पिशवी कोनाजवय देशील?"

"पिशवी न्यायचीच नाही, आई."

"पानी?"

"रस्त्यात देतात."

ती थोडा वेळ गप्प राहिली. शर्टाच्या दोन्ही बाह्या तिने हळूच पुढे पसरल्या.

"मंग हात मोकयेच," ती म्हणाली आणि शर्ट माझ्या बॅगेत सगळ्यात वर ठेवला.