सत्तरच्या दशकाचा ‘सुवर्णकाळ’ कोणाच्या कानांनी ठरवला?

१/ #धागा
‘सत्तरच्या दशकातील अजरामर मराठी गाणी’ या मथळ्याची यादी समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असते. तीत १९७२ चा ‘पिंजरा’ असतो, १९७७ चा ‘जैत रे जैत’ असतो, दादा कोंडके असतात, भावगीते असतात. यादीतले एकही गाणे चुकीचे नसते. चुकीचा असतो तो मथळा. कारण ही महाराष्ट्राने ऐकलेल्या गाण्यांची यादी नसून आकाशवाणी, ध्वनिमुद्रिका कंपन्या आणि चित्रपटगृहे यांनी ऐकवलेल्या गाण्यांची यादी आहे. या दोहोंतील अंतर मोजायचे असेल, तर नागपूरएवढे सोयीचे शहर दुसरे नाही.

२/
प्रारंभ एका कवीपासून करावा. सुरेश भट १९३२ साली अमरावतीला जन्मले आणि २००३ साली नागपुरात निवर्तले. १९७० च्या ‘घरकुल’ चित्रपटातील ‘मलमली तारुण्य माझे’ त्यांचे. १९७९ च्या ‘सिंहासन’मधील ‘उषःकाल होता होता’ही त्यांचेच. म्हणजे दशकाच्या दोन्ही टोकांना भट उभे आहेत, आणि प्रत्येक यादीत ते सापडतात.

३/
याच सुरेश भटांनी बाबासाहेबांना उद्देशून एक वंदनगीत लिहिले. ‘भीमवंदना’ म्हणून ते ओळखले जाते. विहारांत, जयंतीच्या मिरवणुकींत, लग्नमंडपांत, शोकसभांत ते आजही म्हटले जाते. भटांच्या कोणत्याही गझलेपेक्षा ते अधिक कंठांनी गायले असेल, असे म्हणणे धाडसाचे नाही. आता कोणतीही ‘सुरेश भटांची सर्वश्रेष्ठ गाणी’ ही यादी उघडून पाहावी. तिथे हे गीत बहुधा सापडत नाही.

४/
कवी एकच, भाषा एकच, प्रतिभाही एकच. तरीही एक गीत ‘सुवर्णकाळा’त जाते आणि दुसरे ‘समाजाचे गाणे’ ठरते. ही निवड काव्यगुणांवरून झाली असती, तर कवी बदलला असता. इथे बदलला तो फक्त श्रोता. नागपूर महापालिकेचे सुरेश भट सभागृह रेशीमबागेत आहे. तेथून दीक्षाभूमी फार दूर नाही. यादी करणाऱ्यांना मात्र ते अंतर अद्याप ओलांडता आलेले नाही.

५/
गाणे ‘लोकप्रिय’ ठरते कसे, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे. त्याचे एक जुने उदाहरण फार बोलके आहे. बा. वि. केसकर १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीते अभिरुची बिघडवतात, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ही गीते जवळजवळ हद्दपार झाली. कलावंतांसाठी स्वरचाचणीची चाळणीही याच काळात रूढ झाली.

६/
परिणाम काय झाला? श्रोत्यांनी रेडिओ सिलोन लावला. ‘बिनाका गीतमाला’ आणि अमीन सयानी घराघरांत पोहोचले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. ज्या गीतांना एका मंत्र्याने उंबऱ्याबाहेर ठेवले होते, ती आज ‘सुवर्णकाळ’ म्हणून पूजली जातात. उंबऱ्यावरचा पहारेकरी चुकू शकतो, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

७/
पण चित्रपटगीतांना सिलोन तरी होते. गीतमालेचा क्रम रेकॉर्डच्या दुकानांतील विक्रीवर आणि श्रोतासंघांच्या पत्रांवर ठरत असे. अशा क्रमवारीत शिरायला आधी तबकडी असावी लागते. तबकडीसाठी कंपनी लागते, कंपनीसाठी मुंबई लागते, आणि कंपनीला असा ग्राहक लागतो ज्याच्या घरी ग्रामोफोन आहे. वस्तीतल्या चौकात रात्रभर चालणाऱ्या गायनाला या मोजपट्टीत जागाच नव्हती.

८/
मुंबई हे नाव इथे योगायोगाने आलेले नाही. नागपूर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि मराठी गीतव्यवसायाच्या नकाशावर कायम कडेला होते. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ लिहिणारे राजा बढे नागपूरचे. पण श्रीनिवास खळ्यांची चाल आणि शाहीर साबळ्यांचा आवाज मिळाल्यावरच ते गीत महाराष्ट्राचे झाले. १९७२ साली सुरू झालेले मुंबई दूरदर्शनही त्या दशकात विदर्भातल्या घरांपर्यंत आले नव्हते. मग इथल्या वस्त्या काय ऐकत होत्या?

९/
१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला. त्याच वर्षी १९ एप्रिलला पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायणा’चे ५६ वे गीत प्रसारित होऊन ती मालिका संपली होती. मराठी गीताच्या इतिहासात १९५६ हे वर्ष एकाच घटनेसाठी लक्षात ठेवले जाते. त्याच वर्षी नागपुरात लाखो माणसांच्या जगण्याला नवे शब्द मिळाले आणि त्या शब्दांना लवकरच चाली लागल्या. ही घटना मात्र ‘संगीताच्या’ इतिहासात येत नाही. तिची नोंद ‘सामाजिक’ इतिहासात होते, आणि तिथेच ती थांबते.

१०/
या गीतपरंपरेची मुळे जुनी आहेत. सत्यशोधक जलसे, नाशिककडचा भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा ही तिची आधीची रूपे. विदर्भात मोहप्याच्या किसन फागू बनसोडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मुलींची शाळा, छापखाना आणि पद्यरचना ही तिन्ही कामे हाती घेतली होती. १९५६ नंतर गायनपार्ट्या वाढल्या. पेटी, ढोलकी आणि दोन पार्ट्यांत रंगणारा कव्वालीचा सामना हे जयंतीच्या रात्रींचे अंग बनले.

११/
वामनदादा कर्डक (१९२२–२००४) सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. अक्षरओळख त्यांना प्रौढ वयात झाली. १९४३ साली त्यांनी पहिले गाणे रचले, तेही एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर. पुढे त्यांनी हजारो गीते लिहिली आणि गावोगावी फिरून स्वतः गायली. ‘वाटचाल’ आणि ‘मोहळ’ हे त्यांचे संग्रह सत्तरच्याच दशकातले. त्यांच्यासोबत श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, राजानंद गडपायले, नागोराव पाटणकर अशी कितीतरी नावे येतात. एकाही ‘सुवर्ण’ यादीला ही नावे ठाऊक नसतात.

१२/
आक्षेप पहिला: ही गाणी प्रचाराची, कलेची नव्हेत.
मग ‘जय जय महाराष्ट्र माझा’ काय आहे? तेही प्रसंगाचे, समूहाचे, अभिमानाचे गीत. २०२३ साली ते राज्यगीत झाले आणि त्याची लोकप्रियता व कलागुण दोन्ही सर्वमान्य आहेत. एका समूहाचा अभिमान ‘कला’ आणि दुसऱ्याचा ‘प्रचार’, हा निकष संगीतशास्त्राचा नाही.

१३/
आक्षेप दुसरा: चाली उसन्या होत्या.
होत्या. प्रचलित चालीवर नवे शब्द बसवणे ही कीर्तनापासून संगीत नाटकापर्यंत सर्वत्र चालत आलेली रीत आहे. ओळखीची चाल घेतली की संपूर्ण वस्ती दुसऱ्या कडव्यापासून साथ धरते. ज्या गायकाकडे रेडिओ नव्हता, त्याच्यासाठी चाल हेच प्रसारणाचे साधन होते. चाल उसनी म्हणून वामनदादा गौण ठरत असतील, तर मराठी नाट्यपदांतील कितीतरी पदेही यादीतून काढावी लागतील.

१४/
आक्षेप तिसरा: लोकप्रियतेचा पुरावा कुठे आहे? आकडे कुठे आहेत?
हा आक्षेप गंभीर आहे, म्हणून तो उलटही विचारला पाहिजे. फिरणाऱ्या कोणत्या यादीने आजवर तबकड्यांच्या विक्रीचे आकडे दिले आहेत? तिथेही ‘घराघरांत गाजले’ एवढेच लिहिलेले असते. त्यांच्या आठवणीला पुरावा मानायचे आणि यांच्या आठवणीकडे पुरावा मागायचा, हा न्याय इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही. नोंद नसणे म्हणजे घटना न घडणे नव्हे.

१५/
प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचे उदाहरण हा दुटप्पीपणा उघड करते. मंगळवेढ्याकडचा हा गायक. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ त्यांच्या आवाजाशिवाय कल्पिता येत नाही. गणेशोत्सवातील मंडप त्यांच्या स्वरांनी जागे होतात. भक्तिगीतांचे प्रल्हाद शिंदे सर्वांना हवे असतात. त्याच गळ्यातून आलेली भीमगीते मात्र ‘त्यांच्या’ वस्तीत सोडून दिली जातात. आवाज अर्धा कापून घेण्याची ही रीत विसराळूपणाची नाही, निवडीची आहे.

१६/
पुढे ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि पहारेकऱ्याची गरज संपली. स्वस्तात ध्वनिमुद्रण करून थेट वस्तीत विकता येऊ लागले. प्रल्हाद शिंद्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद या लाटेवर घरोघरी पोहोचले. ‘सुवर्णकाळा’च्या भक्तांनी त्या वेळी अभिरुची ढासळल्याची तक्रार केली. तीस वर्षांपूर्वी केसकरांची तक्रार हीच होती. वस्तुतः कॅसेटने ही आवड निर्माण केली नाही. आधीपासून असलेली आवड तिने प्रथमच मोजण्याजोगी केली.

१७/
२६ नोव्हेंबर २०१० रोजी शाहीर विठ्ठल उमप यांचे निधन झाले, ते नागपुरात, दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावर. ‘जांभूळ आख्यान’ उभे करणारा, लोककलेचे जवळजवळ सारे प्रकार गळ्यात असलेला हा कलावंत. मराठी संगीताचा इतिहास लिहिताना त्या मंचाला वगळणारा अभ्यासक उमपांच्या अखेरच्या श्रोत्यांनाच वगळतो.

१८/
दोष एकाच बाजूचा मात्र नाही. भीमगीते अग्रेषित करणाऱ्या असंख्य चित्रफितींत कवीचे नाव नसते. कोणतेही गाजलेले गीत वामनदादांच्या नावावर टाकले जाते. भीमवंदना सुरेश भटांची हे ती म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना माहीत नसते. दुसऱ्यांनी नोंद ठेवली नाही ही तक्रार रास्त आहे. पण स्वतःच्या हातातली नोंद पुसली जात असेल, तर ती तक्रार दुबळी होते.

१९/
नोंदीची एक जागा तर गाण्यातच आहे. वामनदादांच्या अनेक गीतांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येते. संतांच्या अभंगांत असते तशीच ही नाममुद्रा. ज्याच्या तबकडीवर लेबल नव्हते, त्याने आपला हक्क गीताच्या आतच विणून ठेवला. शेवटचे कडवे गाळून गाणे छोटे करणारा गायक कवीचे नावही गाळत असतो.

२०/
दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांची प्रचंड विक्री होते. त्याच दुकानांत गीतांच्या पातळ पुस्तिका असतात. एके काळी कॅसेटी असत, नंतर सीडी आल्या, मग पेनड्राइव्ह. हे सत्तरच्या दशकानंतरच्या मराठी गीताचे दप्तरच आहे. फरक एवढाच की त्याला कपाट नाही, सूची नाही आणि वाळवीपासून संरक्षण नाही. त्या दशकात चौकांत गाणारे कलावंत आज ऐंशीच्या घरात आहेत किंवा गेले आहेत.

२१/
इतिहासाची आवड असलेल्या नागपूरच्या तरुणांपुढचे काम म्हणून अगदी साधे आहे. घरातील जुन्या पुस्तिका आणि कॅसेटची वेष्टने यांची छायाचित्रे काढावीत. प्रत्येक गाण्याचा कवी, गायक, मूळ चाल, गाव आणि शक्य असल्यास वर्ष लिहून ठेवावे. वयस्क गायकांचे मुद्रण करावे आणि शेवटचे कडवे गाळू नये. इंदोऱ्याला नामांतर शहीद स्मारक आहे. नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा. त्या आंदोलनात कोणती गाणी म्हटली गेली, हे सांगणारी माणसे आजूबाजूच्या गल्ल्यांत अजून भेटू शकतात.

२२/
यादी करणाऱ्यांकडून मागणी एवढीच: ‘पिंजरा’ काढू नका, ‘जैत रे जैत’ काढू नका. मथळा बदला. ‘सत्तरच्या दशकात रेडिओ, चित्रपट आणि तबकड्यांवर गाजलेली गाणी’ असे प्रामाणिकपणे लिहा. आणि ‘महाराष्ट्राची गाणी’ असेच लिहायचे असेल, तर आधी दसऱ्याच्या सुमारास एकदा दीक्षाभूमीवर येऊन कान उघडे ठेवा.