फ्रॉकमधला मुलगा

जुन्या स्कॉटिश कुटुंबाच्या फोटोत फ्रॉक घातलेलं मूल दिसलं, की आपण पटकन म्हणतो, 'मुलगी!' थांबा जरा. एकोणिसाव्या शतकात तिकडे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत मुलग्यांनाही फ्रॉकच घालत. लंगोट बदलायला सोपं पडायचं. फोटोमागे चुकून 'मुलगी' लिहिलं, की तो मुलगा घराण्यातून हरवलाच!

किल्टवाला मुलगा दिसला तरी तो रोज तसाच हिंडायचा असं धरू नका. स्टुडिओत जायचं म्हणजे ठेवणीतलेच कपडे निघणार. मला विचाराल तर त्यापेक्षा हिल आणि ॲडमसन यांनी १८४० च्या दशकात एडिनबरोजवळच्या न्यूहेवनला काढलेला एक फोटो वर्गात दाखवा. कोळ्याचा पोरगा, ढगळ विजार घालून उभा. फोटोचं नावच मुळी 'त्याच्या बापाची विजार'.